इन-एन-आउटचा डबल-डबल : अनेक महिने खाल्ल्यानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी इन-एन-आउट या बर्गरच्या चेनमध्ये घेऊन जातं. तो साधा हॅम्बर्गर आणि फ्राइज मागवतो आणि "ठीक आहे, पण एवढं काय त्यात?" म्हणत बाहेर पडतो. त्या ऑर्डरपुरतं त्याचं म्हणणं बरोबरच असतं. बोर्डावर बर्गरचे तीनच प्रकार लिहिलेले असतात : हॅम्बर्गर, चीजबर्गर आणि डबल-डबल. जोडीला फ्राइज, तीन चवींचे शेक, थंड-गरम पेयं. बास. पण याच तीन बर्गरमध्ये कांदा कसा हवा, पॅटी कशी भाजायची, बन किती शेकायचा, मिरची हवी का, हे सगळं सांगता येतं. यातलं बहुतेक बोर्डावर कुठेही लिहिलेलं नसतं, आणि चव बरीचशी त्यावरच ठरते.

वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या वेळी, सगळे प्रकार आलटून पालटून खाल्ल्यावर माझं मत असं : बर्गर उत्तम, फ्राइज मध्यम, आणि दोन्हींचं कारण एकच. इथे मांस गोठवत नाहीत, बटाटाही गोठवत नाहीत. ज्या निर्णयामुळे बर्गर चांगला होतो, त्याच निर्णयामुळे फ्राइज मार खातात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पॅटी गोमांसाची असते. चिकन नाही, मासे नाहीत, शाकाहारी पॅटीही नाही. गोमांस न खाणाऱ्यांसाठी काय आहे ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

चेन अमेरिकेच्या काही भागांतच का, हाही प्रश्न नेहमी येतो. हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये हे दुकान सुरू केलं, गाडीत बसूनच स्पीकरवर ऑर्डर देण्याच्या सोयीसह. कंपनी आजही त्याच कुटुंबाची आहे, सध्या त्यांची नात लिन्झी स्नायडर ती चालवते. फ्रँचायझी कोणालाच देत नाहीत. पॅटी स्वतःच्या कारखान्यात तयार होतात आणि न गोठवता ट्रकने शाखांवर जातात. त्यामुळे त्या ट्रकच्या टप्प्यात असेल तिथेच शाखा निघते. म्हणून कॅलिफोर्नियाबाहेर पडायलाच १९९२ उजाडलं (नेवाडा), मग ॲरिझोना २००० मध्ये, युटा २००८ मध्ये. टेक्सासमध्ये २०११ साली गेले ते डॅलसकडे स्वतःची मांसाची सोय करूनच, आणि कोलोरॅडोत २०२० साली. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या मराठी मंडळींनी आपल्या गावात शाखेची वाट पाहू नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मात्र सनीवेल, माउंटन व्ह्यू, फ्रीमाँट, मिल्पिटास अशी आपली वस्ती असलेल्या जवळजवळ प्रत्येक गावात ती आहे.

आता बर्गर. पॅटी पातळ असते, कच्ची असताना साधारण २ औंस, म्हणजे ५५-६० ग्रॅम. इतकी पातळ पॅटी एकटी असेल तर बन, टोमॅटो आणि लेट्यूस यांच्यापुढे तिची चवच लागत नाही. साधा हॅम्बर्गर खाऊन लोक निराश होतात ते यामुळे. डबल-डबलमध्ये दोन पॅटी आणि दोन चीज स्लाइस असतात, आणि पाव, मांस, भाजी यांचं प्रमाण तिथे जुळतं. त्यापुढे ३x३ आणि ४x४ मिळतात, पण भाजी आणि स्प्रेड (इथला मेयोनेझच्या जातीचा सॉस) त्या प्रमाणात वाढत नाहीत. तिसऱ्या पॅटीपासून घास कोरडा आणि खारट व्हायला लागतो. ४x४ ही कमाल मर्यादा आहे. २००४ मध्ये लास व्हेगसच्या शाखेत एका गटाने १०० पॅटींचा बर्गर बनवून घेतला होता, त्यानंतर कंपनीने ही मर्यादा घातली.

डबल-डबल उघडून पाहिला तर रचनेमागचा विचार कळतो. सर्वांत खाली शेकलेला बन, त्यावर स्प्रेड, मग टोमॅटो, मग हाताने तोडलेलं लेट्यूस, त्यावर पहिली पॅटी आणि चीज, मग कांद्याची चकती, मग दुसरी पॅटी आणि चीज, वर बन. बऱ्याच ठिकाणी भाजी मांसाच्या वर असते, इथे ती खाली आहे. मांसातून उतरणारा रस लेट्यूसच्या पानात अडकतो आणि बनपर्यंत उशिरा पोचतो. कांदा दोन गरम पॅटींच्या मध्ये असल्याने कच्चा असूनही त्याचा उग्रपणा थोडा उतरतो. चीज पॅटी उलटल्याबरोबर टाकतात, त्यामुळे ते कडेने वितळून खाली ओघळतं आणि वरच्या थराला धरून ठेवतं. बर्गर उलटा धरून खाल्ला की हे सगळं गणित बिघडतं आणि टोमॅटो सटकतो. कागदाच्या खिशात तो ज्या बाजूने येतो तसाच धरावा.

बन साधा आहे, गोडसर आणि हलका. पावभाजीच्या गाडीवर लोणी लावून पाव भाजतात तसा नाही, नुसता कोरडाच शेकतात. कापलेल्या बाजूवर तपकिरी थर आला पाहिजे, कारण स्प्रेड आणि रस बनमध्ये शिरू न देण्याचं काम तोच थर करतो. गर्दीच्या वेळी हा थर कधी फिका येतो आणि मग शेवटच्या दोन घासांना खालचा बन लगदा होतो. उपाय सोपा आहे : ऑर्डर देताना "एक्स्ट्रा टोस्ट" म्हणा. बर्गर घरी न्यायचा असेल तर हे सांगाच. पैसे लागत नाहीत.

कांद्याबद्दल ते स्वतःच विचारतात, "कांदा हवा का?" नुसतं हो म्हटलं तर कच्ची चकती येते. पर्याय चार आहेत. कच्ची चकती, कच्चा बारीक चिरलेला, ग्रिलवर परतलेला बारीक, आणि ग्रिलवर अख्खी भाजलेली चकती, म्हणजे "होल ग्रिल्ड". परतलेला बारीक कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत शिजवलेला असतो, जवळजवळ मुरंब्याइतका गोड. लोकांना तो फार आवडतो. माझं मत वेगळं आहे. स्प्रेड गोड, बन गोडसर, त्यात हा गोड कांदा, मग जीभ लवकर कंटाळते. अख्ख्या भाजलेल्या चकतीला कडेने करपट चव येते, मधे थोडा करकरीतपणा राहतो आणि गोडवा आटोक्यात राहतो. चारांत हाच पर्याय मला सर्वांत जमलेला वाटतो, आणि नेमका हाच फार थोडे लोक मागतात.

ॲनिमल स्टाइल हे या चेनचं सर्वांत गाजलेलं प्रकरण. त्यात चार गोष्टी होतात : पॅटी मोहरीच्या सॉसमध्ये भाजतात, लोणच्याच्या काकडीच्या चकत्या येतात, स्प्रेड जास्त येतो आणि परतलेला बारीक कांदा येतो. यातलं खरं काम मोहरीचं आहे. पॅटीची एक बाजू भाजत असताना वरच्या कच्च्या बाजूवर मोहरीचा सॉस पसरतात आणि मग ती उलटतात. सॉसमधलं पाणी तापलेल्या ग्रिलवर उडून जातं आणि आंबट, किंचित तिखट पापुद्रा मांसाला चिकटून राहतो. सॉस वरून ओतला तर ही चव येत नाही.

ॲनिमल स्टाइलचा दोष म्हणजे जादा स्प्रेड. पहिले चार घास छान लागतात, नंतर सगळं हातावर येतं आणि चव एकसुरी होते. म्हणून पूर्ण ॲनिमल स्टाइल न घेता सुटे भाग मागवणं चांगलं. ऑर्डर देताना असं म्हणायचं : "डबल-डबल, मस्टर्ड ग्रिल्ड, होल ग्रिल्ड ओनियन, ॲड पिकल्स, ॲड चॉप्ड चिलीज." स्प्रेड नेहमीएवढाच राहतो, आंबटपणा आणि तिखटपणा वाढतो. काउंटरवरची मुलं-मुली यात तरबेज असतात, एका दमात सांगितलं तरी बरोबर टिपून घेतात. तरी पावतीवर एकदा नजर टाका, केलेले बदल तिथे छापलेले असतात.

मिरचीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या जिभेला हा बर्गर एरवी मिळमिळीत वाटू शकतो. इथली मिरची म्हणजे व्हिनेगरमधली पिवळी कॅस्काबेला. तिखटपणात ती आपल्या लवंगीच्या जवळपासही जात नाही, पण आंबट आणि झणका देणारी आहे. चीज आणि स्प्रेड यांचा जडपणा ती नेमका तोडते. "चॉप्ड चिलीज" म्हटलं की चिरून बर्गरमध्ये घालतात. नुसत्या "चिलीज" मागितल्या तर अख्ख्या हातात देतात, फुकट. अख्खी मिरची खाताना एक काळजी घ्या : आत व्हिनेगर भरलेलं असतं, दातांनी थेट चावली की पिचकारी उडते, डोळ्यात किंवा शर्टावर. आधी देठाजवळ नखाने टोचून पाणी निथळू द्या आणि मग खा.

पाव टाळणाऱ्यांसाठी प्रोटीन स्टाइल आहे. बनऐवजी लेट्यूसच्या मोठ्या पानांत सगळं गुंडाळून देतात. मधुमेही किंवा गहू न चालणाऱ्या मंडळींना फास्ट फूडमध्ये इतकी सरळ सोय क्वचित मिळते. चवीत मात्र तडजोड आहे. बन नसल्याने मांसाचं मीठ जास्त जाणवतं आणि पान गरम पॅटीखाली काही मिनिटांत मलूल होतं. हा प्रकार तिथेच, लगेच खावा. कागद पूर्ण काढू नये, खात जाऊ तसा वरून फाडत जावं, नाहीतर सगळं ताटात सुटं होतं.

आता शाकाहारी मंडळींसाठी. "ग्रिल्ड चीज" मागा. मांसाशिवाय दोन चीज स्लाइस, लेट्यूस, टोमॅटो, स्प्रेड आणि शेकलेला बन असा तो येतो. "चीजबर्गर, पण मीट नको" असं सांगितलं तर घाईत "मीट नको" हे ऐकू न जाण्याचा धोका असतो, म्हणून नेमकं नावच घ्यावं. त्यात लोणच्याची काकडी आणि चॉप्ड चिलीज घातल्या की खाण्यालायक सँडविच होतं. त्या न घालता घेतलं तर बेचव आहे, हे सरळ सांगतो. स्प्रेड हा मेयोनेझच्या जातीचा आहे आणि त्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी "नो स्प्रेड" म्हणून केचप आणि मोहरीचा सॉस मागावा. कांदा ज्या ग्रिलवर भाजतात त्यावरच मांस भाजलं जातं, त्यामुळे काटेकोर शाकाहारी असाल तर कांदा कच्चाच घ्या. आणि एवढी शिस्त पाळणाऱ्या घरातल्या मोठ्यांना इथे जेवायला नेऊच नये असं माझं मत आहे. शेक आणि फ्राइजपुरतं नेलं तर त्यांचीही अडचण होत नाही.

फ्राइजची बाजू शाकाहाऱ्यांसाठी भक्कम आहे. बटाटा, सूर्यफुलाचं तेल आणि मीठ, एवढंच. शिवाय मेनूवर तळलेला दुसरा कुठलाही पदार्थ नाही, त्यामुळे त्याच तेलात चिकन किंवा मासे तळले गेले असतील ही शंका राहत नाही. इतर बहुतेक फास्ट फूड चेनबद्दल असं ठामपणे म्हणता येत नाही.

पण चव? बटाटे शाखेतच येतात, तिथेच सोलून हाताच्या खटक्याच्या यंत्रात कापतात आणि कच्चेच एकदा तळतात. काउंटरवर उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांसमोर दिसतं. मोठ्या चेनच्या कुरकुरीत फ्राइज आधी वाफवलेल्या किंवा उकळलेल्या, एकदा अर्धवट तळलेल्या आणि मग गोठवलेल्या असतात. शाखेत त्यांचं फक्त शेवटचं तळण होतं. वाफवल्याने बाहेरचा स्टार्च पक्का होतो. गोठवल्यावर बर्फाचे कण बटाट्याच्या पेशी फोडतात, त्यामुळे तळताना पाणी झटकन निघून जातं आणि आतला भाग भुसभुशीत होतो. ताज्या, एकदाच तळलेल्या बटाट्यात पाणी आतच राहतं आणि तेलातून काढल्यावर तेच बाहेरच्या पातळ पापुद्र्यात शिरून तो मऊ करतं. पाच मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो, दहा मिनिटांत फ्राइज वाकायला लागतात. यात शाखेच्या कर्मचाऱ्यांची चूक नाही, ही पद्धतच अशी आहे. बटाटा साठवणीतला असेल तर साखर वाढलेली असते, मग रंग लवकर गडद होतो पण आत तो तितकाच ओला राहतो. म्हणून रंगावरून कुरकुरीतपणाचा अंदाज बांधू नका.

उपाय एकच : "फ्राइज वेल-डन". थोडा वेळ जास्त तळतात, पाणी जास्त जातं, कडा खरोखर कडक होतात. काही मिनिटं जास्त थांबावं लागतं, पण साध्या फ्राइज आणि वेल-डन फ्राइज हे जवळजवळ दोन वेगळे पदार्थ आहेत. मिठाशिवायही तळून देतात. मग वरून आपला चाट मसाला किंवा तिखट-मीठ भुरभुरलं की बटाट्याची ताजी चव छान पुढे येते. ॲनिमल स्टाइल फ्राइज, म्हणजे वर चीज, स्प्रेड आणि परतलेला कांदा, साध्या फ्राइजवर घेतल्या तर खाली लगदा उरतो. त्याही वेल-डनच सांगाव्यात, दोघांत एक घ्यावी आणि काट्याने लगेच संपवावी.

शेक दाट असतो, स्ट्रॉने ओढायला जोर लागतो. चॉकलेट, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, आणि तिन्ही एकत्र हवे असतील तर "निआपॉलिटन" म्हणायचं. व्हॅनिला सर्वांत चांगला, स्ट्रॉबेरी फार गोड. डबल-डबल एकटाच ६०० कॅलरीच्या पुढे जातो, त्यात फ्राइज आणि शेक धरले की एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा फार मोठा भाग तिथेच संपतो. शेक दोघांत एक पुरतो.

डबल-डबलची किंमत शहरानुसार ६ डॉलरच्या आत-बाहेर असते. फाइव्ह गाइज या दुसऱ्या बर्गर चेनमध्ये पॅटी जाड आणि फ्राइज शेंगदाण्याच्या तेलातल्या, त्या मला इथल्यापेक्षा चांगल्या वाटतात, पण बिल दुप्पटीकडे जातं. टेक्सासमध्ये व्हॉटबर्गर या तिथल्या चेनशी तुलना करतात. तिथला बन आणि पॅटी रुंद, मोहरीचा सॉस आधीपासूनच, आणि चिकनचे प्रकारही मिळतात. ह्यूस्टन-डॅलसच्या गोमांस न खाणाऱ्या घरांना तोच सोयीचा.

वेळ बहुतेक ठिकाणी सकाळी साडेदहा ते रात्री एक, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत. नाश्ता नाही. घरपोच सेवा नाही, ॲपवरून आगाऊ ऑर्डर नाही. गाड्यांची रांग रस्त्यावर आलेली असते तेव्हा कर्मचारी टॅबलेट घेऊन गाड्यांजवळ येतात आणि ऑर्डर घेतात, त्यामुळे लांब रांग दिसते त्यापेक्षा वेगाने सरकते. तरीही गाडी लावून आत चालत जाणं बहुतेक वेळा लवकर होतं. दुपारी तीन ते पाच सर्वांत निवांत. ड्राइव्ह-थ्रूमध्ये "गाडीत खाणार का?" असं विचारतात. हो म्हटलं तर उघड्या खोक्यात देतात आणि मांडीवर अंथरायला कागद देतात, नाही म्हटलं तर पिशवीत.

घरी नेताना पिशवीचं तोंड कधीही दुमडू नका. आतली वाफ फ्राइज आणि बन दोन्हींना मारते. पंधरा मिनिटांपेक्षा लांब जायचं असेल तर टोमॅटो नको म्हणा, स्प्रेडची पाकिटं वेगळी मागा आणि फ्राइज घेऊच नका. उरलेला बर्गर अख्खा मायक्रोवेव्हमध्ये घातला की लेट्यूस शिजतं आणि बन चामट होतो. तो सोडवून पॅटी आणि चीज एका बाजूने कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं झाकून ठेवा, बन त्याच तव्यावर कापलेल्या बाजूने शेका आणि लेट्यूस नवं घाला. फ्राइज एअर फ्रायरमध्ये २०० अंश सेल्सियसवर तीन-चार मिनिटं ठेवल्या तर दुकानात मिळाल्या त्यापेक्षा कुरकुरीत होतात, फक्त एका थरात पसरून ठेवा.